रेवतीची उंची

ग्वाल्हेरच्या 'खासगी बाजार' पेठेत सीमंतिनी मुळेला ओळखणारे लोक दोन तऱ्हेचे, आणि त्यांची आपसात ओळख नाही. पहिली तऱ्हा बारावीच्या पोरांची. बांगड्यांच्या दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती त्यांना हिंदीतून फिजिक्स शिकवते. पोरं तिला 'मुळे मॅम' म्हणतात आणि तिच्या जिभेला भितात. दुसरी तऱ्हा शहराच्या लष्कर भागातल्या मराठी म्हाताऱ्यांची. त्यांच्या लेखी ती गोविंदबुवा कीर्तनकारांची मुलगी. गणपतीतल्या पाचव्या संध्याकाळी नऊवारी नेसून, गळ्यात उपरणं टाकून, चिपळ्या घेऊन नारदाच्या गादीवर उभी राहणारी.

पाचवा दिवस मुळ्यांचा, हे मराठी मंडळात तीन पिढ्यांपासून ठरलेलं. बुवा गेले तेव्हा प्रश्न आला. मुलगा होता, पण तो बंगलोरला, आणि सूर त्याच्यापासून त्याहून लांब. मुलगी होती, गळा होता, पाठांतर होतं. पण ती भोपाळचं सासर दोन वर्षांत सोडून परत आलेली. बैठकीत कुजबूज झाली. गादीवर बाई, त्यातून नवरा टाकलेली! कुजबुजणाऱ्यांतल्या निम्म्यांची नातवंडं तिच्याच शिकवणीला जात होती, ते सोडा. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष कृष्णराव उठले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, आवाज घशातून नव्हे, पोटातून यायचा. म्हणाले, "गादी नारदाची आहे, तुमच्या-माझ्या बापाची नाही. पोरगी उभी राहील."

झालं. पोरगी उभी राहिली आणि आज पंधरा-सोळा वर्षं उभीच आहे. ते वाक्य ती विसरलेली नाही.

नारदीय कीर्तनाची एक रीत आहे. आधी पूर्वरंग, त्यात सिद्धान्त मांडायचा. मग मध्यंतर. कुणी वडीलधारं उठून कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लावतं, हार घालतं, आणि झाडून सगळे पाया पडतात, ऐंशी वर्षांचा म्हातारासुद्धा. कारण गादीवरचा माणूस त्या वेळी कुणाहून लहान नसतो. मग उत्तररंग. त्यात गोष्ट सांगायची, आणि त्या गोष्टीनं सिद्धान्त पटवून द्यायचा. भक्ती तारते असं म्हटलं की प्रल्हाद आणायचा. दान थोर म्हटलं की कर्ण. सिद्धान्त नि गोष्ट यांचा सांधा बसला की श्रोता मान डोलावतो आणि कीर्तन जिंकलं.

यंदा सीमंतिनीनं पूर्वरंगाला विशेष सापेक्षता घ्यायचं ठरवलं.

वेड लागलं नव्हतं तिला. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या वाचनालयात तिनं पहिल्यांदा ते वाचलं, की धावणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, आणि असं का, तर प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच मिळतो म्हणून. त्या दिवशी ती महाराज बाड्यावरून घरी चालत आली ती जमिनीवर पाय न टेकता. घरी कुणाला सांगणार? आईला? पुढं संशोधन करायचं राहिलं, लग्न झालं, मोडलं, शिकवणी सुरू झाली. वर्षानुवर्षं पोरांना ती सूत्र लिहून देत आली. पोरं घोकत, पेपरात उतरवत, विसरत. एकाच्याही तोंडून कधी 'बाप रे' निघालं नाही. आणि ज्या जागी लोक दोन तास बूड न हलवता ऐकतात अशी जागा तिच्याकडे एकच होती.

गोष्टही तयार होती. रैवत राजाची रेवती. अशी अनुपम मुलगी, की पृथ्वीवर तिच्याजोगा नवरा मिळेना. राजा तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाला विचारायला गेला. सभेत गंधर्वांचं गाणं चाललेलं. मध्ये बोलायचं कसं, म्हणून दोघं थांबली. गाणं संपल्यावर राजानं विचारलं, तर ब्रह्मदेव हसला. "राजा, तू इथं घटकाभर बसलास, खाली युगं उलटली. तुझ्या मनातले जावई, त्यांचे नातू, पणतू, सगळे मातीत गेले. आता जा आणि बलरामाला दे." बापलेक खाली आले. पण रेवती जुन्या युगातली, उंच ताडमाड. बलरामानं तिच्या खांद्याला नांगर लावून तिला खाली ओढली आणि आपल्या मापाची केली.

"ताई, ये तो ग़ज़ब है," तालमीच्या दिवशी समरजीत म्हणाला. समरजीत जाधव तिचा तबलजी. घराणं शिपायांचं, पणजोबा फौजेत घोड्यावर. हा बँकेत काउंटरवर. "टाइम हळू झालं, हे झालं. आणि नांगरानं लांबी पण कमी झाली! तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, धावणारी वस्तू आखूड होते? दोन्ही नियम एकाच पोरीवर. बसला ना सांधा!"

सीमंतिनीला तो आधीच बसलेला होता. खरं सांगायचं तर नांगराची गोष्ट तिलाच पहिल्यांदा सुचली होती, आणि त्या आनंदात दोन दिवस तिला जेवणाची चव कळली नव्हती. काळ मंदावणं आणि लांबी आखडणं, सिद्धान्ताचे दोन्ही हात धरणारी गोष्ट आयती पुराणात मिळावी! कीर्तनकाराला आणखी काय हवं असतं?

मिठाचा खडा टाकला तन्वीनं. तन्वी म्हणजे बंगलोरच्या भावाची मुलगी. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून आता जर्मनीत असते, आणि गणपतीला आत्याकडे आली होती. ती पाटावर मोदकाची पारी करत होती, आणि करता करता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, एक बोलू? मारणार नाहीस ना?"

"बोल. हातात पीठ आहे, मारता येणार नाही."

"आखूड होते ती धावायच्या दिशेनंच होते. रेवती रथात उभी राहून वर गेली असेल तर उंची आखडेल, मान्य. आडवी झोपून गेली असेल तर पोट आत जाईल फक्त."

समरजीत खो खो हसला. "म्हणजे डाएटिंगचीपण गरज नाही!"

"आणि दुसरं," तन्वी म्हणाली, "ती आखूड दिसणार आपल्याला, आपण खाली उभे म्हणून. तिला विचारशील तर ती म्हणेल, मी आहे तेवढीच आहे, तुम्ही सगळे चपटे झालात. आणि उतरून थांबली की पुन्हा पूर्ण उंच. नांगराचं काय काम?"

सीमंतिनी हातातलं पीठ मळत राहिली. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. बारावीच्या पोरानं हीच चूक केली असती तर तिनं त्याची वही भिरकावली असती. पण सांधा बसल्याच्या धुंदीत माणूस स्वतःचा पेपर तपासत नाही.

"नांगर काढून टाकते," ती म्हणाली. "काळाचं राहू दे. ते तर बसतं."

"कसं बसतं? राजा किती वेगानं गेला? किती लांब? ब्रह्मदेवाकडे घटका गेली तर खाली किती जायला हवी? यातला एक तरी आकडा असा काढ, जो चुकीचा ठरू शकतो."

"गोष्टीत आकडे असतात का गं?"

"तेच तर! गोष्टीला चुकायची सोय नाही आत्या. आमचं सगळं दुकान चुकायच्या सोयीवर चालतं."

मग मोदक उकडेपर्यंत ती आपल्या दुकानाबद्दल सांगत बसली. काही शास्त्रज्ञांना वाटतं, की अगदी तळाशी, कल्पनेपलीकडच्या बारीक मापाला, अवकाश गुळगुळीत नसून दाणेदार असावं. तसं असेल तर आइन्स्टाइनच्या नियमाला आणखी एक कलम जोडावं लागेल. प्रकाशाचा वेग जसा सगळ्यांना सारखा, तसं ते सर्वांत बारीक मापही सगळ्यांना सारखं, कुणी कितीही धावो. त्यातल्या काही मांडण्या खऱ्या निघाल्या, तर जास्त ऊर्जेचा प्रकाश कमी ऊर्जेच्या प्रकाशापेक्षा केसभर मागेपुढे पोचायला हवा. केसभर म्हणजे इतका, की इथल्या इथं मोजताच येणार नाही. म्हणून मग कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर झालेल्या स्फोटांचा प्रकाश घ्यायचा आणि बघायचं, एकदम सुटलेले किरण एकदम पोचले का.

"पोचले?" समरजीतनं विचारलं.

"आतापर्यंत तरी फरक सापडलेला नाही. पण ते मुळात एकदम सुटले होते का, हीच डोकेदुखी आहे. तिथं शिट्टी वाजवायला कुणी उभं नव्हतं ना."

"म्हणजे तुझी नोकरी आइन्स्टाइनला पाडायची?"

"हो. आणि रोज हरायची." तन्वीनं मोदकाचं नाक चिमटीत ओढलं. "पडला असता ना समरजीतकाका, तर आम्ही पेढे वाटले असते. त्याला राग नसता आला."

सीमंतिनीच्या डोक्यात त्या संध्याकाळी एकच घोळत होतं. गोष्ट बदलावी तर दुसरी कुठली आणायची? आणि रेवती सोडवत नव्हती. बुवा सांगायचे तेव्हा गंधर्वांच्या गाण्याला ते खरोखरच गायचे, पाऊण तास, आणि श्रोते म्हणायचे, आमचीही युगं गेली.

दुसऱ्या दिवशी कृष्णराव आले. आता वय ऐंशीच्या पुढं, जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबणारे. पण आवाज अजून पोटातूनच.

"समरजीत सांगत होता, रेवती आणि आइन्स्टाइन. वा! मला रात्री झोप नाही आली बघ. सीमे, शेवटी एक वाक्य ठणकावून सांग. हे सगळं आमच्या ऋषींना आधीच ठाऊक होतं. एवढंच."

"काका, ते तसं नाहीये."

"कसं नाहीये?"

तिनं सांगितलं. नांगराचं, आकड्यांचं, सगळं. कृष्णराव ऐकत होते. पण कचेरीतला माणूस जसा अर्ज ऐकतो तसे, निकाल आधीच लिहून झालेला.

"हे बघ," ते म्हणाले, "माझा नातू मराठीत 'भूक लागली' म्हणत नाही. 'भूख लग रही है आजोबा.' त्याच्यासारखी चाळीस पोरं त्या हॉलमध्ये येतात, मोदक खातात, फोन चाळतात आणि जातात. त्यांना आपल्यातलं काहीतरी अभिमानाचं दे. एक वाक्य. कुणाचं काय जातं?"

याला उत्तर सोपं नव्हतं. तावातावानं बोलणाऱ्यांना ते सोपं वाटतं, पण तो म्हातारा लबाड नव्हता. त्याच्या डोळ्यांदेखत एक भाषा घरातून निघून चालली होती, आणि तो हाताला लागेल त्याची विटकर करून दाराशी रचत होता.

"जातं काका," सीमंतिनी म्हणाली. "पाच-सहा पोरं माझ्या शिकवणीतलीही असणार तिथं. सकाळी मी त्यांना एक सांगायचं आणि संध्याकाळी दुसरं?"

कृष्णराव काठी टेकून उठले. "इंदूरच्या एका बुवांचं पत्र आलेलं आहे. पाचवा दिवस मागताहेत. मी त्यांना थांबवून ठेवलंय, तुझ्यासाठी." दारात ते वळले. "रेवती छान सांगतेस तू. बापासारखी. ते एक वाक्य बोल आणि दिवस तुझाच राहू दे."

आता प्रश्न उघडा झाला. एका वाक्याला एक दिवस. आणि दिवस म्हणजे नुसता दिवस नव्हे. वर्षातले बाकीचे सगळे दिवस ती ज्याच्या जोरावर काढायची तो दिवस.

पाचव्या दिवशी दुपारी ती हॉलवर गेली तेव्हा सतरंज्या घालणं चाललं होतं. पुढं पांढरी बैठक आणि लोड. ती जागा जुन्या मानकरी घराण्यांची. त्यांतल्या काहींच्या घरी आज मान सोडून काही उरलेलं नाही, पण लोड उरलेला आहे. मग कारकून-भटजींच्या घरांची सतरंजी. मग खांबापलीकडे शिपायांची घरं. लिहिलेलं कुठंच नाही. पण समरजीतची आई, विजयाबाई, पंच्याहत्तर वर्षांची, बिर्लानगरहून रिक्षानं लवकर येऊन पोचलेली, रिकाम्या हॉलमध्ये, एकही माणूस आलेलं नसताना, सरळ खांबापलीकडे जाऊन बसली.

"आजी, पुढं बसा की. तिथून दिसत नाही."

"मला इथूनच बरं दिसतं गं बाई. सवय आहे."

सीमंतिनीनं चिपळ्या हातात घेऊन त्या खांबाकडे बघितलं, मग पुढच्या लोडांकडे. मग समरजीतला म्हणाली, "उत्तररंगात शेवटी मी थांबले तर ठेका सोड. वाजवत राहू नकोस."

"शेवटी कुठं थांबायचं असतं ताई?"

"आज असतं."

संध्याकाळी हॉल भरला. पुढं लोडांवर मानकरी, त्यांच्याशेजारी खुर्चीवर कृष्णराव, मागं भिंतीला टेकून पोरं आणि त्यांच्या फोनांचे उजेड. नमन झालं. सीमंतिनीनं साकी छंदातल्या, स्वतः रचलेल्या दोन ओळी उचलल्या:

कोण धावतो, कोण थांबला, ज्याचे त्याने सांगावे;
प्रकाश म्हणतो, माझ्यापुढती दोघांनीही सम व्हावे.

"मंडळी, आपली छोटी गाडी आठवते?" तिनं विचारलं. सगळ्यांना आठवते. ग्वाल्हेरहून जौरा, कैलारस, सबलगढ करत जाणारी अरुंद रुळांची गाडी. बंद पडली तेव्हा लोक हळहळले होते. "समजा, ती गाडी प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं चाललीय..."

"ती?" समरजीत तबल्यावरून म्हणाला. "ताई, लोक तिच्यातून उतरून पेरू घ्यायचे आणि परत चढायचे."

हशा झाला. कीर्तनात साथीदाराला एवढी मुभा असते. "म्हणून तर समजा म्हटलं. तर डब्याच्या दोन टोकांना दोन दिवे. फलाटावरचा गार्ड शपथेवर सांगतो, दोन्ही एकदम लागले. डब्याच्या मध्यभागी बसलेली बाई शपथेवर सांगते, पुढचा आधी लागला, मागचा नंतर. खोटं कोण बोलतंय?"

"बाई," पुढून एक मानकरी म्हणाले.

"का? गार्डाला टोपी आहे म्हणून?" पुन्हा हशा. "कुणीच खोटं बोलत नाही. प्रकाशाचा वेग दोघांनाही तोच मिळतो, म्हणून 'एकदम' हा शब्द दोघांचा वेगळा होतो. आणि 'एकदम' वेगळं झालं की वेळ वेगळा झाला. तो म्हणतो, हिचं घड्याळ हळू. ती म्हणते, याचं हळू. दोघंही बरोबर."

भिंतीजवळचे चार-दोन फोन विझले. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मतलब सच में?" सीमंतिनीनं ते ऐकलं. इतक्या वर्षांत न ऐकलेलं 'बाप रे' ते हेच, हिंदीत आलं एवढंच.

मध्यंतर झालं. कृष्णराव उठले, त्यांनी तिच्या कपाळी बुक्का लावला, हार घातला, आणि वाकून पायांना हात लावला. गादीवरचा माणूस वाकत नाही. तीही वाकली नाही. उठताना ते कानाशी म्हणाले, "छान चाललंय. आता रेवती. आणि ते वाक्य."

तिनं रेवती सांगितली. जीव ओतून सांगितली. गंधर्वांचं गाणं ती बापासारखंच गायली, यमनात, लोक डोळे मिटून बसले. राजा खाली आला आणि त्याला ओळखीचं एकही दार सापडेना, तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नांगर आला. रेवती बसकी झाली. आता एकच वाक्य उरलं होतं आणि ते कुठलं, हे पुढच्या खुर्चीतला माणूस तिच्याआधी ओठांत म्हणत होता.

तिनं चिपळ्या थांबवल्या. समरजीतनं ठेका सोडला. पेटीवाल्याला कळायला जरा उशीर झाला, त्याचा सूर लोंबकळत राहिला आणि मग तोही थांबला.

"मंडळी, इथं सांधा बसत नाही," ती म्हणाली.

कीर्तनात असं कुणी म्हणत नाही. स्वयंपाक वाढून झाल्यावर गृहिणीनं आमटी विटलीय म्हणावं तसं ते होतं.

"गोष्ट लाखाची आहे. माझ्या वडिलांची आहे. पण ती पूर्वरंगातला सिद्धान्त पटवून देत नाही, उलट बोलते. तिच्यात एक सभा आहे. त्या सभेतला काळ तेवढा खरा, आणि खालच्यांची युगंच्या युगं म्हणजे तिथली एक तान. सापेक्षतेत अशी सभा नाही. कुणाचं घड्याळ मानाचं नाही. पुढच्या बैठकीवरचं नाही, खांबापलीकडचं नाही. दोघं परत भेटून घड्याळं ताडून बघतात तेव्हा कोण मध्येच वळलं होतं, एवढंच बघायचं. कोण थोर होतं, ते नाही. आणि रेवतीला कुणी नांगर लावायची गरज नव्हती. धावताना ती आपल्याला आखूड दिसली असती. पण थांबली की होती तेवढी उंच. तिला मापात बसवलं ते निसर्गानं नव्हे."

पुढच्या लोडांवरून दोघं जण उठले आणि निघून गेले. कोल्हापुरी वहाणांचा आवाज दारापर्यंत सगळ्यांनी ऐकला.

"मग पटवायचं कशानं?" सीमंतिनी शांतपणे पुढं म्हणाली. "हात पुढं करा. करा, सगळे करा. तळवा वर. वर आभाळात, फार उंचावर, म्युऑन नावाचे कण जन्मतात. त्यांचं आयुष्य इतकं चिमुकलं, की हिशेबानं ते किल्ल्याच्या उंचीच्या काही पट खाली येईपर्यंत मरायला हवेत. पण ते जमिनीपर्यंत येतात. आत्ता तुमच्या तळहातातून जाताहेत. कारण ते इतक्या वेगानं येतात, की त्यांचं घड्याळ आपल्या लेखी मंद चालतं. त्यांना विचाराल तर म्हणतील, घड्याळ ठीक आहे, तुमचं आभाळच आखडलं. दोघंही बरोबर. आणि हे मोजता येतं. मोजणारा चुकीचा ठरू शकतो, तरी मोजतो. आपल्या देशातली माणसं कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून हे कण मोजत बसली होती, वर्षानुवर्षं, घामानं निथळत. अभिमान हवा असेल तर तो घ्या. तो उसना नाही."

हॉलमध्ये शंभर-सव्वाशे तळवे वर होते. मानकऱ्यांचे, कारकुनांचे, पोरांचे. विजयाबाईंनी दोन्ही हात पुढं केले होते आणि त्या तळव्यांकडे असं बघत होत्या, जसं कुणी त्यांवर प्रसाद ठेवून गेलंय.

कृष्णरावांचा हात काठीवर होता.

आरती झाली, तीर्थप्रसाद झाला. पोरांनी तन्वीला कोपऱ्यात गाठलं, "दीदी, तो आइन्स्टाइन ग़लत हो सकता है क्या?" असं तिथं चाललं होतं, आणि तन्वी अर्धं मराठी अर्धं हिंदी करत हातवारे करत होती. विजयाबाई सीमंतिनीजवळ आल्या, रीतीप्रमाणे वाकल्या, आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सुनेला अजून सांगतात हो, तो नांगर. जास्त उंच राहू नये म्हणून." एवढंच बोलून समरजीतचा हात धरून जिना उतरल्या.

हॉल रिकामा होत आला तरी कृष्णराव खुर्चीतच होते. सीमंतिनी गादीवरून खाली उतरली, उपरणं काढलं, आणि आता त्यांच्या पाया पडली. आता ती पुन्हा लहान होती.

"पाडलंस मला," ते म्हणाले.

"तुम्हाला नाही पाडलं काका."

"दोघं उठून गेले. उद्या दहा जण फोन करतील. मी काय सांगू?"

"सांगा की गादी नारदाची आहे."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. रागावले होते, यात शंका नाही. पण त्या रागात कुठंतरी आपलंच नाणं परत आल्यासारखा चेहरा झाला, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

"पाचवा दिवस गेला तुझा. इंदूरचे बुवा येतील."

तिला ते अपेक्षित होतं. तरी ऐकताना उपरण्याची घडी तिला दोनदा घालावी लागली. तीन पिढ्या. बुवांचा यमन. त्यांच्यासमोर रडायचं नाही, हे ठरवूनच ती आली होती.

"बरं," ती म्हणाली. "मग मला कुठला?"

"तुला कुठला म्हणजे? मी म्हटलं का, आणखी कुठला देतो?"

"गादीवरून उतर असंही म्हटलं नाहीत."

कृष्णराव काठीची मूठ चोळत पेटीवाल्याकडे बघू लागले. पेटीवाला पेटीला खोळ घालत होता. "गौरीजेवणाचा दिवस रिकामा असतो," शेवटी ते म्हणाले. "दुपारी चार."

गौरीजेवणाच्या दुपारी चारला मराठी घरांत काय चालतं, हे दोघांनाही माहीत होतं. बायका भांडी आवरतात आणि पुरुष पुरणपोळी खाऊन आडवे झालेले असतात.

"कुणी येणार नाही, सांगून ठेवतो."

"बिर्लानगरहून येतील. पोरं येतील."

"पेटी-तबल्याचा खर्च मंडळ देणार नाही."

"समरजीत फुकट वाजवतो. जेवायला घालावं लागतं."

"आणि विषय आधी कळवायचा."

"कळवीन," सीमंतिनी म्हणाली. "विचारणार नाही."

"बापावर गेलीस," कृष्णराव पुटपुटले, आणि ते कौतुकानं की वैतागानं, हे त्यांनी कळू दिलं नाही. नातू त्यांना घरी नेणार होता. तो तन्वीभोवतीच्या घोळक्यात हात पुढं करून उभा होता आणि हाक मारली तरी वळत नव्हता. दोनदा हाक मारून म्हातारा थकला.

"चला, मी सोडते," सीमंतिनी म्हणाली. "वाटेतच आहे."

खाली येऊन तिनं स्कूटी काढली. कृष्णराव काठी आडवी धरून मागं बसले, एका हातानं तिचा खांदा पकडला आणि म्हणाले, "हळू चालव."